अपघातात छातीतली अयोर्टा फाटली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कार्डियाक सर्जरीच्या टीममध्ये भूल देणारा डॉक्टर आहे. आयसीयूच्या दाराबाहेर नातेवाईक जे विचारतात आणि नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्टचे फोटो टाकून जे विचारतात ते सगळं इथे एकत्र केलंय. गाडीचा अपघात, उंचावरून पडणं, अंगावर काही कोसळणं अशा मुक्या माराबद्दलच हे आहे, चाकू आणि गोळीच्या जखमा हा वेगळा विषय. तुमच्या पेशंटचा निर्णय त्याला बघणारे डॉक्टरच घेणार, पण त्यांना काय विचारायचं एवढं इथून कळलं तरी पुष्कळ झालं.

१. अयोर्टा म्हणजे नक्की कुठली नस?

हृदयाच्या डाव्या कप्प्यातून निघणारी, शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, म्हणजे महाधमनी. निघाली की वर जाते, मग मागे वळून कमान करते, त्या कमानीतून डोक्याला आणि दोन्ही हातांना फांद्या जातात, आणि मग पाठीच्या कण्याला लागून खाली पोटात उतरते. तरुण माणसात छातीतल्या उतरत्या भागाची रुंदी २० मिमीच्या आसपास असते, वय वाढतं तशी ती रुंदावते. भिंतीला तीन थर असतात: आतलं पातळ अस्तर, मधला जाड लवचिक थर आणि बाहेरचं आवरण. यातला कुठला थर फाटलाय यावर पुढचं बहुतेक सगळं ठरतं.

२. बाहेर ओरखडासुद्धा नाही, मग आतली एवढी मोठी नस फाटली कशी?

गाडी थांबते, छातीचा पिंजरा थांबतो, पण आतलं हृदय आणि कमान पुढे जात राहतात. उतरता भाग मात्र कण्याला बांधलेला असतो, त्यामुळे हलणारा भाग आणि न हलणारा भाग जिथे जुळतात तिथे ताण येतो. ही जागा म्हणजे डाव्या हाताची नस निघते तिच्या लगेच पुढची, आणि तिथेच एक छोटा दोरासारखा बंध अयोर्टाला फुप्फुसाच्या नसेशी बांधून ठेवतो (आईच्या पोटात असताना ती उघडी नळी असते, जन्मानंतर बंद होते). हॉस्पिटलपर्यंत पोचलेल्या पेशंटमध्ये बहुतेक वेळा फाटलेलं याच जागी सापडतं. शिवाय धडकेच्या क्षणी आतलं प्रेशर एकदम चढतं, छातीचं पुढचं हाड आणि कणा यांच्यात नस दाबली जाते, असं दोन-तीन गोष्टी मिळून होतं. हे मोटारी आल्यावर सुरू झालं असंही नाही, शरीररचनेचा जुना अभ्यासक वेसेलियसने १५५७ मध्ये घोड्यावरून पडलेल्या माणसात अयोर्टा फुटल्याचं लिहून ठेवलंय.

३. सीट बेल्ट लावला होता, एअरबॅग उघडली होती, तरी असं कसं?

बेल्ट आणि एअरबॅगने धोका कमी होतो, शून्य होत नाही. विशेषतः बाजूने बसलेल्या धडकेत, म्हणजे दार आत येतं तेव्हा, समोरच्या एअरबॅगचा फारसा उपयोग नसतो. आणि मागच्या सीटवरचे लोक बेल्ट लावतच नाहीत हे तर आपल्याकडे रोजचं आहे, दंड १००० रुपये आहे हे माहीत असूनसुद्धा. बाईकवरून उडालेले आणि बांधकामावरून पडलेले पेशंटही आमच्याकडे याच कारणाने येतात.

४. अयोर्टा फाटली तर माणूस जागीच जातो ना? आमचा तर बोलत होता, पाणी मागत होता.

बहुतेक जण जागीच जातात, हे खरं आहे. पार्मली आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये अशा २७५ केसेसचा अभ्यास छापला, त्यात जेमतेम १५ टक्के लोक काही काळ तरी तगले होते. जे हॉस्पिटलपर्यंत येतात त्यांच्यात आतले थर फाटलेले असतात पण बाहेरचं आवरण आणि आजूबाजूच्या ऊतींनी रक्त अडवून धरलेलं असतं. तिथे जो फुगा तयार होतो त्याला रिपोर्टमध्ये स्यूडोअ‍ॅन्युरिझम लिहितात. त्यामुळे पेशंट बोलतोय ही चांगली गोष्ट आहे, पण धोका टळला असा तिचा अर्थ नाही.

५. लक्षणं काय असतात?

छातीत किंवा दोन खांद्यांच्या मध्ये पाठीत दुखणं, दम लागणं, आवाज बसणं, गिळताना त्रास. कधी हातात बीपी जास्त आणि पायात कमी, मांडीच्या सांध्यातली नाडी मंद. आणि कित्येकांना यातलं काहीच नसतं, किंवा मोडलेल्या मांडीच्या दुखण्यात छातीकडे लक्षच जात नाही. म्हणून लक्षणांवर विसंबत नाहीत, धडक किती जोराची होती हे आधी विचारतात. अपघात बघितलेल्या माणसाने गाडीची अवस्था डॉक्टरला सांगितली (स्टिअरिंग वाकलं होतं, शेजारचा जागीच गेला, पेशंट बाहेर फेकला गेला) तर फार उपयोग होतो, १०८ च्या अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसतानाच सांगा.

६. एक्स-रे नॉर्मल आला होता, मग सीटी कशाला?

एक्स-रेत छातीच्या मधली सावली रुंद दिसणं (८ सेंमीच्या वर गेली की शंका घेतात), कमानीची कड पुसट होणं, डाव्या छातीत रक्त, नाकातून घातलेली नळी उजवीकडे ढकललेली दिसणं, अशा खुणा शोधतात. पण यातली एकही खूण नसताना अयोर्टा फाटलेली असू शकते, शिवाय झोपवून काढलेल्या एक्स-रेत सावली तशीही रुंद दिसते. म्हणजे दोन्हीकडून फसवणूक. खरं उत्तर शिरेतून डाय सोडून केलेल्या सीटी अँजिओमध्ये मिळतं. किडनीचं काय असं लोक विचारतात, पण जोराच्या धडकेत ही शंका असेल तर क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी सीटी अडवून ठेवण्यात शहाणपणा नाही असं माझं मत.

७. रिपोर्टमध्ये ग्रेड लिहिलंय, त्याचा अर्थ काय?

ग्रेड १ म्हणजे फक्त आतलं अस्तर फाटलंय. ग्रेड २ म्हणजे भिंतीच्या आत रक्त साकळलंय. ग्रेड ३ म्हणजे स्यूडोअ‍ॅन्युरिझम, प्रश्न ४ मधला फुगा. ग्रेड ४ म्हणजे आरपार फुटलीय आणि रक्त बाहेर येतंय. ही वर्गवारी अमेरिकेतल्या व्हॅस्क्युलर सर्जनांच्या संघटनेने २०११ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये वापरली आणि आता बहुतेक ठिकाणी तीच चालते. ग्रेड १ ला बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही, बीपी आणि नाडी ताब्यात ठेवून दोन-तीन दिवसांनी परत सीटी करतात, बरेच वेळा अस्तर आपलं आपण भरून येतं. ग्रेड ३ ला दुरुस्ती लागतेच असं धरा, ग्रेड ४ ला ताबडतोब. ग्रेड २ वर डॉक्टरांमध्ये मतभेद असतात, दोन हॉस्पिटलांत दोन सल्ले मिळाले तर लगेच कोणीतरी फसवतंय असं समजू नका.

८. नस फाटलीय म्हणता आणि पेशंटला नुसतं आयसीयूत झोपवून ठेवलंय. ऑपरेशन का करत नाही?

सगळ्यात जास्त वेळा, आणि सगळ्यात जास्त चिडून, विचारला जाणारा प्रश्न हाच. बाहेर बसलेल्या माणसाला वाटतं एवढी मोठी नस फाटलीय म्हणजे पहिलं काम तेच. पण या पेशंटला सहसा एकटी अयोर्टाची जखम नसते, प्लीहा फाटलेली असते, पेल्विस (कमरेचं हाड) मोडलेलं असतं, डोक्यात रक्त असतं, फुप्फुसं चेचलेली असतात. आता जो फुगा आवरणाने धरून ठेवलाय तो औषधांवर काही तास, कधी काही दिवस धरून राहू शकतो, पण पोटात वाहणारं रक्त थांबत नाही, ते आत्ता थांबवलं नाही तर पेशंट संध्याकाळ बघणार नाही. म्हणून आधी पोट उघडतात, आधी पेल्विस बांधतात, आणि अयोर्टा दुसऱ्या नंबरवर जाते. २०११ च्या सूचनांमध्ये शक्यतो २४ तासांत दुरुस्ती करा असं आहे, पण बाकीच्या मोठ्या जखमा असतील तर आधी त्या, हेही त्यातच आहे. आणि अमेरिकेतल्या अनेक ट्रॉमा सेंटरांच्या एकत्र अभ्यासात स्थिर पेशंटमध्ये थोडं थांबून केलेल्या दुरुस्तीत जास्त जण वाचले असं दिसलं. तेव्हा थांबणं म्हणजे हलगर्जी नाही, फक्त ते देखरेखीखालचं थांबणं असायला हवं: दर मिनिटाला बीपी दिसतंय, औषध पंपाने चालू आहे, सर्जन आणि कॅथलॅबला (जिथे नसेतून नळी घालून काम करतात ती खोली) निरोप गेलेला आहे. जनरल वॉर्डमध्ये नुसतं सलाईन लावून ठेवलं असेल तर जरूर विचारा.

थांबण्याचा अपवाद: फुगा वाढतोय, छातीत रक्त परत परत भरतंय किंवा पायांचा रक्तपुरवठा कमी झालाय. मग बाकीचं सगळं मागे पडतं.

९. बीपी मुद्दाम कमी का ठेवलंय? आधीच अशक्त आहे.

फाटलेल्या भिंतीवर प्रत्येक ठोक्याचा जो फटका बसतो तो कमी करायचा असतो. म्हणून वरचं बीपी साधारण १०० ते १२० च्या मध्ये आणि नाडी १०० च्या खाली धरतात, आणि त्यासाठी एस्मोलॉल किंवा लॅबेटॅलॉल पंपाने चालू असतं. आधी नाडी उतरवायची, मग लागलं तर बीपी उतरवणारं दुसरं औषध, हा क्रम उलटा केला तर बीपी पडतं पण हृदय जोरात धावायला लागतं आणि फटका उलट वाढतो. दुखणं नीट थांबवणं हाही याच उपचाराचा भाग, वेदनेने कण्हणाऱ्या पेशंटचं बीपी कुठल्याच पंपाने बसत नाही. मात्र पेशंटचं बीपी मुळातच रक्तस्रावाने पडलेलं असेल तर ही औषधं द्यायची नसतात, आधी रक्त कुठून जातंय ते शोधायचं.

जाता जाता: बीपी मोजायची बारीक सुई उजव्याच मनगटात का घातलीय असं एका काकूंनी विचारलं होतं, फार चांगला प्रश्न. दुरुस्तीच्या वेळी डाव्या हाताची नस दाबली किंवा झाकली जाऊ शकते (प्रश्न १३), मग डावीकडचं बीपी खोटं दिसतं.

१०. डोक्यालाही मार आहे. तरी बीपी कमीच ठेवायचं?

इथे दोन डॉक्टर तुमच्यासमोर दोन उलट गोष्टी बोलताना दिसतील आणि दोघांचंही बरोबर असेल. सुजलेल्या मेंदूला रक्त पोचायला बीपी जरा चढं लागतं, अयोर्टाला उतरतं लागतं. दोन्ही एकाच वेळी मिळत नाही, म्हणून मधला आकडा ठरवतात. अशा पेशंटमध्ये कधीकधी अयोर्टाची दुरुस्ती अलीकडे घेतात, कारण ती झाली की बीपी वर नेता येतं. अडचण हेपॅरिनची असते, म्हणजे रक्त गोठू नये म्हणून द्यायचं इंजेक्शन, मेंदूत रक्त असताना ते धोक्याचं. स्टेंटच्या पद्धतीत (प्रश्न ११) हे इंजेक्शन अगदी कमी देऊन किंवा न देताही काम करता येतं, छाती उघडून करताना मशीन वापरायचं तर ते सहसा लागतंच.

११. टीव्हार म्हणजे काय? छाती न उघडता नस कशी शिवतात?

शिवत नाहीत, आतून अस्तर लावतात. नायटिनॉल या लवचिक धातूच्या तारेचा सांगाडा आणि त्यावर कापड, अशी नळी दुमडून एका लांब नळीत भरलेली असते. मांडीच्या सांध्यातून ती नसेत घालतात, एक्स-रेच्या पडद्यावर बघत वर कमानीपर्यंत नेतात, डाय सोडून फाटलेली जागा आणि डाव्या हाताच्या नसेचं तोंड दोन्ही नीट दिसलं की मला बीपी खाली आणायला सांगतात. सोडताना रक्ताच्या धक्क्याने ती नळी खाली सरकू नये म्हणून तो मिनिटभर बीपी मुद्दाम पाडलेलं असतं, खोलीत कोणी बोलत नाही. मग आवरण ओढलं की स्टेंट उघडून भिंतीला घट्ट बसतो आणि रक्त त्याच्या आतून जायला लागतं, फाटलेला भाग बाहेर राहतो. परत डाय सोडतात, फुग्यात डाय जात नाही ना बघतात. सगळं ठीक असेल तर तास-दोन तासांचं काम.

घट्ट बसायला फाटलेल्या जागेच्या वर साधारण २ सेंमी चांगली नस लागते आणि स्टेंट नसेपेक्षा थोडा मोठा घेतात. सुरुवातीच्या काळात मोठी मापंच मिळायची, म्हाताऱ्यांच्या फुगलेल्या अयोर्टासाठी बनवलेली, ती तरुणांच्या लहान नसेत घातली की आत दुमडायची. आता १६ मिमीच्या नसेतही बसणारी मिळतात. छातीतल्या अयोर्टाच्या जुन्या जखमेवर असा स्टेंट पहिल्यांदा सर्जन निकोलाय व्होलोडोस यांनी १९८७ मध्ये युक्रेनमधल्या खारकीव्हमध्ये घातला, पश्चिमेकडे ते बरीच वर्षं कोणाच्या गावीही नव्हतं.

१२. मग छाती उघडून ऑपरेशन आता कोणी करतच नाही का?

करतात, कमी झालंय. हृदयातून निघतानाचा चढता भाग फाटला असेल तर छातीचं पुढचं हाड कापून, हार्ट-लंग मशीनवर, उघडूनच करावं लागतं. स्टेंट बसण्यासारखी जागा नसेल, किंवा पायातल्या नसा इतक्या बारीक असतील की नळी जात नाही, तरीही. उतरत्या भागासाठी डावीकडून बरगड्यांमधून जातात, डावं फुप्फुस बंद करून उजव्यावरच श्वास चालू ठेवतात (ते माझं काम), फाटलेल्या जागेच्या वर आणि खाली क्लॅम्प (नस बंद करणारे चिमटे) लावतात, मधला खराब तुकडा काढून डॅक्रॉनची (कृत्रिम कापडाची) नळी शिवतात. क्लॅम्प लावला की खालच्या शरीराचं रक्त बंद, म्हणून पंपाने खाली रक्त पोचवत ठेवणं चांगलं.

आकडे बोलके आहेत. अमेरिकेतल्या ट्रॉमा सर्जनांच्या संघटनेने अनेक सेंटर मिळून दोन अभ्यास केले, १९९७ चा आणि २००८ चा. पहिल्यात जवळपास सगळी ऑपरेशनं उघडून, दुसऱ्यात सुमारे ६५ टक्के स्टेंटने. अगदी मरणासन्न आलेले सोडून मृत्यूचं प्रमाण २२ टक्क्यांवरून १३ वर आलं आणि पाय लुळे पडण्याचं प्रमाण ८.७ टक्क्यांवरून १.६ वर.

१३. कन्सेंटवर "पाय लुळे पडू शकतात" आणि "डाव्या हाताची नस झाकली जाऊ शकते" लिहिलंय. हे काय आहे?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाठीच्या मज्जारज्जूला रक्त पुरवणाऱ्या बारीक फांद्या छातीतल्या अयोर्टातून निघतात, त्यांचं रक्त बराच वेळ तुटलं तर कमरेखाली लुळेपणा येतो. उघड्या ऑपरेशनमध्ये पंपाशिवायचा क्लॅम्प ३० मिनिटांच्या पुढे गेला की हा धोका झपाट्याने वाढतो. स्टेंटमध्ये तो फार कमी आहे, कारण अपघाताच्या जखमेत आखूड तुकडा झाकला तरी भागतं.

डाव्या हाताची नस फाटलेल्या जागेला इतकी चिकटून असते की स्टेंट बसवायला कधी तिचं तोंड झाकावं लागतं. बहुतेकांना काही होत नाही, मानेतल्या नसांतून उलट्या वाटेने रक्त हाताला येतं, फक्त डाव्या हातात बीपी कायम कमी लागतं, म्हणून पुढे कुठेही बीपी उजव्या हातात मोजायला सांगा. अपवाद मात्र पक्के लक्षात ठेवा आणि ते डॉक्टरला आधी सांगायचं काम घरच्यांचं: पेशंटचं पूर्वी बायपास झालं असेल आणि छातीतली डावी नस हृदयाला जोडलेली असेल तर हे तोंड झाकलं की हृदयाचंच रक्त तुटेल. डाव्या हातात डायलिसिसचा फिस्तुला असेल तरी तसंच. मेंदूला मागून जाणारी डावी नस मोठी असेल तर ते सीटीवर दिसतं. अशा वेळी मानेतल्या नसेपासून हाताच्या नसेला जोडणी करून देतात.

१४. स्टेंटच्या किमती सरकारने कमी केल्यात ना? मग आम्हाला लाखांत बिल का सांगतायत?

२०१७ ची किंमत-मर्यादा हृदयाच्या बारीक नसांतल्या स्टेंटवर आहे. अयोर्टाचा स्टेंट ग्राफ्ट ही वेगळी वस्तू, त्याला ती मर्यादा लागू नाही आणि त्याची किंमत लाखांतच असते. रस्ते अपघाताच्या जखमींसाठी केंद्राची २०२५ ची कॅशलेस योजना आहे, नेमलेल्या हॉस्पिटलात ७ दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंत, तेवढ्यात हे भागणार नाही पण बाकीचा खर्च हलका होतो. महात्मा फुले योजनेचं काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा, आणि एमएलसीचे (पोलीस केसच्या नोंदीचे) कागद जपून ठेवा, विम्याला लागतात.

१५. यालाच अयोर्टिक डिसेक्शन म्हणतात का?

नाही. डिसेक्शन बहुतेक वेळा वर्षानुवर्षांच्या बीपीने किंवा जन्मतः कमकुवत भिंतीमुळे होतं, थर लांबवर सोलत जातात. अपघातातली जखम सहसा एका जागी, आखूड असते. बीपीची औषधं दोन्हीत तीच, बाकी हिशोब वेगळा. दोन्हीत एक घोटाळा मात्र सारखा होऊ शकतो: छातीत दुखतंय म्हणून हार्ट अटॅक समजून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देणं. अपघातानंतर छातीत दुखत असेल तर अपघात झाला होता हे ओरडून सांगा.

१६. प्रिन्सेस डायनाला हेच झालं होतं ना?

दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारतंच. नाही, ३१ ऑगस्ट १९९७ च्या पॅरिसच्या अपघातात तिची फुप्फुसातून हृदयाकडे येणारी शीर फाटली होती. कारण तसंच, एकदम थांबलेली गाडी. शिरेत प्रेशर कमी असतं म्हणून रक्त सावकाश जातं, पण जात राहतं.

१७. मुलगा १२ वर्षांचा आहे, त्याला स्टेंट चालेल?

लहान मुलांमध्ये ही जखम विरळा, कारण त्यांचा पिंजरा आणि नसा लवचिक. झाली तर पेच असा की मुलगा वाढेल, नस वाढेल, स्टेंट वाढणार नाही. म्हणून जमत असेल तर उघडं ऑपरेशन, आणि जीव वाचवायलाच स्टेंट घातला तर पुढे मोठेपणी परत काहीतरी करावं लागेल हे धरून चालायचं.

१८. घरी सोडलंय. आता पुढे काय पाळायचं?

सीटीच्या तारखा चुकवू नका, साधारण १ महिना, ६ महिने, १ वर्ष आणि मग डॉक्टर सांगतील तशा. स्टेंटच्या कडेने रक्त परत फुग्यात जातंय का, स्टेंट सरकलाय का, हे दुखण्यावरून कळत नाही. तरुण मुलं बरं वाटलं की येणंच बंद करतात आणि याच पेशंटना हा स्टेंट पुढची ४०-५० वर्षं वापरायचाय. नायटिनॉलच्या स्टेंटला एमआरआय चालतं, फक्त स्टेंटचं कार्ड दाखवा. बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. जड उचलणं, जिम, गाडी चालवणं हे बाकीच्या मोडतोडीवरही अवलंबून आहे, ऑर्थोवाल्यांनाही विचारा.

१९. अपघात होऊन १५ वर्षं झाली. आता दुसऱ्याच कारणाने काढलेल्या एक्स-रेत कमानीपाशी गोल सावली आणि कडेला चुना दिसतोय म्हणतात. हे तेव्हाचं असू शकतं?

हो, असू शकतं. तेव्हा सुटून गेलेली जखम आवरणाच्या आत राहते, वर्षांनुवर्षं हळूहळू वाढते, कडेला चुना धरतो. कधी आधी कळतं ते आवाज बसल्यामुळे, कारण स्वरयंत्राची डावी नर्व्ह कमानीच्या खालून वळसा घालून वर जाते आणि फुगा तिला दाबतो. लोक सहा-सहा महिने घशाच्या डॉक्टरकडे फिरत राहतात. एवढी वर्षं काही झालं नाही म्हणून पुढेही होणार नाही असं धरता येत नाही, हा फुगा उशिरानेही फुटतो, त्यामुळे तब्येत बरी असेल तर ठरवून दुरुस्ती करून घेण्याचाच सल्ला देतात. घाई मात्र प्रश्न ८ सारखी नसते, नीट सीटी अँजिओ करून, कुठली पद्धत बसते ते बघून करता येतं. जुन्या अपघाताचे कागद असतील तर घेऊन जा, नसतील तरी साल आणि काय झालं होतं ते सांगा, कारण ते कळलं नाही तर डॉक्टर गाठ समजून सुई घालून तपासायला निघतात आणि या जागी सुई घालणं फार महागात पडू शकतं.